गावोगावची दक्षिण आफ्रिका: मध्यम सत्तांचे राजकारण आणि जातीचा प्रश्न

आंतरराष्ट्रीय राजकारणाची चर्चा आपल्याकडे निघाली की ती अमेरिका, चीन आणि रशिया या तीन नावांपलीकडे फारशी जात नाही. कोणाकडे किती अण्वस्त्रे आहेत, कोणी कोणावर निर्बंध लादले, आपला देश कोणाच्या गोटात आहे, एवढ्यावर विषय संपतो. आंबेडकरी तरुणांच्या मनात तर याहून साधा प्रश्न असतो. गावात नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढले जाते, गटारात उतरलेला माणूस जिवंत वर येत नाही, मग न्यूयॉर्क आणि जिनिव्हात कोण काय बोलले याच्याशी आमचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो जुना आहे. जगातले नियम फक्त बलाढ्य देश लिहीत नाहीत. बऱ्याचदा ते मधल्या फळीतले देश लिहितात. यांनाच मध्यम सत्ता म्हणतात. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वीडन, नॉर्वे, ब्राझील, दक्षिण आफ्रिका ही यातली नेहमीची नावे. स्वातंत्र्यानंतरची पहिली काही दशके भारतही याच फळीत होता. या भारताने जगाच्या व्यासपीठावर जे नियम घडवायला हातभार लावला, तेच नियम आज जातीच्या प्रश्नावर त्याच्यासमोर आरसा धरून उभे आहेत. हा इतिहास आपण नीट वाचलेला नाही. तो वाचला पाहिजे.

मध्यम सत्ता म्हणजे कोण?

१९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद तयार झाली, तेव्हा पाच विजेत्या सत्तांनी सुरक्षा परिषदेत स्वतःसाठी कायमची जागा आणि नकाराधिकार राखून ठेवला. ज्यांच्याकडे सैन्य होते, पैसा होता, युद्धात माणसेही कामी आली होती, पण नकाराधिकार मिळणार नव्हता, अशा देशांनी याला विरोध केला. ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री हर्बर्ट एव्हट हे या विरोधाचे सर्वांत मोठे आवाज होते. नकाराधिकार त्यांना काढता आला नाही. पण आमसभेला अधिक व्यापक चर्चेचा अधिकार मिळावा, लहान देशांनाही बोलता यावे, यासाठी त्यांनी आणि कॅनडासारख्या देशांनी जोर लावला. पुढे १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा मंजूर झाला, तेव्हा आमसभेच्या अध्यक्षपदी हेच एव्हट होते.

मध्यम सत्तेचे बळ कशात असते, हे यातून समजते. तिला कोणावर एकट्याने युद्ध लादता येत नाही, म्हणून ती नियमांचा आधार घेते. एकटीचे मत पुरत नाही, म्हणून आघाडी बांधते. समितीत बसून मसुद्यातला एकेक शब्द घासते. आणि या सगळ्यासाठी तिला एक भांडवल लागते: जगात चांगले नाव. १९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल इजिप्तवर चालून गेले तेव्हा कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभारण्याचा प्रस्ताव मांडला. त्या सेनेत भारताचेही सैनिक होते. पिअर्सन यांना १९५७ चे शांततेचे नोबेल मिळाले. भूसुरुंगांवर बंदी घालणारा १९९७ चा ओटावा करारही कॅनडाच्या पुढाकाराने झाला. अमेरिका, रशिया, चीन बाहेर राहिले, भारतही बाहेर राहिला, तरी करार झाला आणि १९९९ मध्ये अमलात आला.

इथवर चित्र सुंदर आहे. आता त्याची दुसरी बाजू पाहू.

ज्या एव्हट यांनी लहान देशांच्या हक्काची भाषा केली, त्यांनीच सनदेतील कलम २ च्या सातव्या पोटकलमाला धार लावली. देशाच्या अंतर्गत बाबीत संयुक्त राष्ट्रांनी हात घालू नये, असे ते पोटकलम सांगते. ऑस्ट्रेलियाला त्याची गरज का वाटली? कारण तेव्हा तिथे गोऱ्यांखेरीज इतरांना देशात वसू न देण्याचे धोरण होते आणि त्यावर बाहेरच्या कोणी प्रश्न विचारलेला त्यांना नको होता. तिथल्या आदिवासींना तर राज्यघटनेनुसार १९६७ पर्यंत देशाच्या लोकसंख्येच्या मोजदादीतच धरले जात नव्हते. पिअर्सन यांना नोबेल मिळाले त्या वर्षी कॅनडातल्या नोंदणीकृत आदिवासींपैकी बहुतेकांना देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क नव्हता. तो सरसकट मिळाला १९६० साली.

म्हणजे बाहेर नियमांची भाषा आणि घरात भिंत. मध्यम सत्तांच्या इतिहासात हा दुटप्पीपणा पुन्हा पुन्हा दिसतो, आणि आपला देश त्याला अपवाद नाही.

१९४६: तीन कागद

१९४६ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी जगातल्या तीन दबलेल्या समूहांचे तीन कागद संयुक्त राष्ट्रांच्या दिशेने निघाले होते.

पहिला कागद भारत सरकारचा. दक्षिण आफ्रिकेने त्या वर्षी कायदा करून तिथल्या भारतीयांच्या जमीन घेण्यावर आणि राहण्यावर बंधने आणली. त्याविरुद्ध भारताने जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली. देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते. समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेचा मसुदा घडवण्यात याच स्मट्स यांचा मोठा हात होता. मानवी हक्कांचे शब्द कागदावर आणणारा माणूस आता म्हणत होता की, हा आमच्या देशाचा अंतर्गत मामला आहे, तुम्ही यात पडू नका. आधार तोच, कलम २ चे सातवे पोटकलम.

८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. ठरावाच्या बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश बहुमत लागणार होते. मतदान केलेल्या ४७ देशांचे दोन तृतीयांश म्हणजे ३२. एक मत कमी पडले असते तर ठराव पडला असता. अमेरिका आणि ब्रिटन विरोधात होते. तरीही एका परतंत्र देशाने आघाडी बांधून तो जिंकला. वंशावरून केलेला भेदभाव हा कोणत्याही देशाचा खाजगी मामला नसतो, या तत्त्वाची पहिली मोठी जीत ही होती. पुढे वर्णद्वेषाविरुद्ध जगभर जे काही झाले, त्याची पायाभरणी इथे झाली. याचे श्रेय भारताला दिलेच पाहिजे.

दुसरा कागद अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा. नॅशनल नीग्रो काँग्रेस या संघटनेने १९४६ च्या जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे आपल्या लोकांच्या अवस्थेबद्दल अर्ज केला.

तिसरा कागद बाबासाहेबांचा. त्या अर्जाची बातमी वाचून बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या नीग्रोंची आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास आपल्याला आवश्यकच वाटतो, असे सांगून त्यांनी त्या अर्जाच्या प्रती मागितल्या आणि भारतातले अस्पृश्यही तसेच पाऊल उचलण्याच्या विचारात आहेत, हे कळवले. डुबॉईस यांनी ३१ जुलै १९४६ ला सहानुभूतीचे उत्तर पाठवले.

बाबासाहेबांना हे का करावेसे वाटले, हे समजण्यासाठी तो काळ पाहा. कॅबिनेट मिशनने १६ मे १९४६ च्या आपल्या योजनेत सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख असे तीनच गट धरले होते. अस्पृश्यांचे स्वतंत्र राजकीय अस्तित्व एका फटक्यात पुसले गेले होते. पुण्यात जुलैमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने सत्याग्रह केला. सत्तांतराची घाई झाली होती, आणि सत्ता ज्यांच्या हाती जाणार होती त्यांच्याकडून संरक्षणाची कोणतीही हमी मिळाली नव्हती.

१० ऑक्टोबर १९५१ च्या आपल्या राजीनाम्याच्या निवेदनात बाबासाहेबांनी सांगितले आहे की, अनुसूचित जातींच्या परिस्थितीवर संयुक्त राष्ट्रांना सादर करण्यासाठी त्यांनी अहवाल तयार केला होता. पण तो त्यांनी पाठवला नाही. संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला हा प्रश्न सोडवण्याची संधी द्यावी, असे त्यांना वाटले. राजीनामा देताना त्यांचा निष्कर्ष काय होता? तोच जुना जुलूम, तोच जुना भेदभाव, कदाचित अधिक वाईट स्वरूपात.

तीन कागदांपैकी दोन पोचले. तिसरा कागद लिहिणाऱ्याने देशावर विश्वास ठेवून तो आपल्याजवळ ठेवला. 'बाबासाहेबांनी देशाची बदनामी केली' असे अजूनही पुटपुटणाऱ्यांना ही गोष्ट सांगत जा.

परराष्ट्र धोरणाची बाबासाहेबांची कसोटी

बाबासाहेबांचा परराष्ट्र धोरणावरील विचार आपल्याकडे फार कमी वाचला जातो. त्याच राजीनाम्यात परराष्ट्र धोरण हे एक स्वतंत्र कारण म्हणून आले आहे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा सगळे देश आपले मित्र होते, चार वर्षांत संयुक्त राष्ट्रांत आपल्या ठरावाला अनुमोदन द्यायलाही कोणी उरले नाही, अशी त्यांची टीका होती. त्यांनी आकडा दिला: वर्षाला ३५० कोटी रुपये महसूल, आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. मित्र नसतील तर संरक्षणाचे सगळे ओझे एकट्याने वाहावे लागते. मग उपाशी माणसाच्या अन्नासाठी आणि उद्योग उभारण्यासाठी पैसा उरत नाही. परराष्ट्र धोरणाचा गरिबाच्या ताटाशी संबंध जोडणारी ही मांडणी आहे.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशीलाच्या धोरणावर कोरडे ओढले. माओंचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी आपल्याच देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती, असा त्यांचा मुद्दा होता. हे वाक्य वरवर चीनबद्दल आहे. पण त्यात एक सार्वत्रिक कसोटी आहे: एखादे सरकार जगाला जी तत्त्वे सांगते, ती खरी की खोटी हे ते आपल्या घरातल्या दुबळ्यांशी कसे वागते यावरून ठरवा.

आणि ही कसोटी त्यांनी आपल्या देशालाही लावली. त्याच वर्षी राज्यसभेत ते म्हणाले की, दक्षिण आफ्रिकेतल्या वेगळ्या वस्त्यांबद्दल इतके बोलणाऱ्यांना प्रत्येक गावात एक दक्षिण आफ्रिका आहे हे ठाऊक आहे की नाही, याचे मला नवल वाटते. १९४६ च्या ठरावाचा अभिमान बाळगणाऱ्या देशाला त्याच्याच घटनेचा शिल्पकार हे ऐकवत होता. गावकुसाबाहेरची वस्ती आणि जोहान्सबर्गबाहेरची वस्ती यांना त्याने एका वाक्यात शेजारी आणून ठेवले.

१९६५: एका शब्दाची गोष्ट

२१ मार्च १९६० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला, ६९ जण मारले गेले. त्याच वर्षी आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले. आमसभेतले गणित बदलले. घाना, जमैका, फिलिपिन्स अशा देशांनी मानवी हक्कांच्या कामात पुढाकार घेतला. १९६२ साली स्वतंत्र झालेल्या चिमुकल्या जमैकाने १९६८ हे आंतरराष्ट्रीय मानवी हक्क वर्ष पाळावे असा प्रस्ताव आणला आणि तो मंजूर करून घेतला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ शीतयुद्धात एकमेकांचे पाय ओढत असताना नियम बांधण्याचे काम या देशांनी केले.

याच लाटेतून २१ डिसेंबर १९६५ रोजी सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर झाला. 'वांशिक भेदभाव' म्हणजे काय, याची व्याख्या पहिल्या कलमात आहे. वंश, रंग, कूळ आणि राष्ट्रीय वा वांशिक मूळ या आधारांवर केलेला भेद, असे ती म्हणते. यातला 'कूळ' हा शब्द, इंग्रजीत 'डिसेंट', मूळ मसुद्यात नव्हता. तो घालण्याची दुरुस्ती मांडली भारताने. ती स्वीकारली गेली. भारताने ३ डिसेंबर १९६८ ला करार स्वतःवर बंधनकारक करून घेतला आणि ४ जानेवारी १९६९ पासून तो अमलात आला.

जन्मावरून माणसाला कमी लेखणे हा या शब्दाचा साधा अर्थ. कोणत्या कुळात जन्मलास यावरून तू काय काम करणार, कुठे राहणार, कोणाशी लग्न करणार हे जिथे ठरते, त्या व्यवस्थेला आपल्याकडे काय म्हणतात?

करारावर देखरेख करणाऱ्या अठरा तज्ज्ञांच्या समितीसमोर १९९६ साली भारताचा अहवाल आला. सरकारने सांगितले की जात म्हणजे वंश नव्हे, सबब अनुसूचित जातींचा प्रश्न या करारात बसत नाही. समितीने उत्तर दिले की 'कूळ' या शब्दाचा अर्थ केवळ वंशापुरता नाही, आणि अनुसूचित जाती-जमातींची स्थिती या कराराच्या कक्षेत येते. २००२ साली समितीने या एका शब्दावर स्वतंत्र शिफारस, क्रमांक २९, काढली आणि जातीसारख्या जन्माधारित व्यवस्था त्यात येतात हे स्पष्ट केले.

भारताने दक्षिण आफ्रिकेला पकडण्यासाठी घडवलेल्या जाळ्यात स्वतःच लावलेली गाठ होती ती.

डर्बन: भूमिकांची अदलाबदल

३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१ या काळात डर्बनमध्ये वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. जागा पाहा: दक्षिण आफ्रिका. ज्या देशाविरुद्ध १९४६ साली भारताने पहिला ठराव आणला, तो आता मुक्त होऊन यजमान होता. भारतातून दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने गेले. 'काम आणि कूळ' यांवर आधारित भेदभावाचा उल्लेख अंतिम घोषणापत्रात यावा, एवढीच मागणी होती. मसुद्यात तसा परिच्छेदही होता. भारत सरकारने सर्व ताकद लावून तो येऊ दिला नाही. युक्तिवाद काय होता? जात हा आमचा अंतर्गत सामाजिक प्रश्न आहे, त्यासाठी आमचे संविधान समर्थ आहे.

पंचावन्न वर्षांपूर्वी स्मट्स जे म्हणाले, ते आता भारत म्हणत होता.

त्यानंतरचा घटनाक्रमही तसाच आहे. २७ डिसेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीत जाहीरपणे सांगितले की, अस्पृश्यतेला समांतर अशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे दक्षिण आफ्रिकेतला वर्णद्वेष. दोनच महिन्यांनी जिनिव्हात त्यांच्याच सरकारच्या शिष्टमंडळाने समितीला पुन्हा सांगितले की जात या करारात बसत नाही. पुढचा अहवाल २०१० मध्ये द्यायचा होता, तो वेळेत गेला नाही. २०१६ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अल्पसंख्याकविषयक विशेष प्रतिवेदकांनी जातिभेदावर अहवाल मांडला तेव्हा भारताने त्यावर आक्षेप घेतला. आणि पुढच्याच महिन्यात, १३ एप्रिलला, न्यूयॉर्कच्या मुख्यालयात भारताच्याच कार्यालयाच्या पुढाकाराने बाबासाहेबांची १२५ वी जयंती साजरी झाली. फोटोला हार आणि अहवालाला आक्षेप.

सरकारे बदलली, पक्ष बदलले, भूमिका बदलली नाही. काँग्रेस असो की भाजप, जिनिव्हात दोघांचे निवेदन एकच. हे राजकीय पक्षांचे भांडण नाही, व्यवस्थेचे एकमत आहे, हे त्यावरून ओळखा.

मध्यम सत्तेची हत्यारे उलटीही चालवता येतात, याचेही उदाहरण याच प्रकरणात आहे. आंतरराष्ट्रीय दलित एकता जाळे या संस्थेने संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जा मिळण्यासाठी २००८ साली अर्ज केला. संबंधित समितीत भारत बैठकीमागून बैठक नवे प्रश्न विचारत राहिला आणि अर्ज पुढे ढकलला जात राहिला. दर्जा मिळायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. जी चिकाटी एकेकाळी वर्णद्वेषाविरुद्ध वापरली, तीच आता दलितांचा आवाज बाहेर ठेवण्यासाठी खर्ची पडली.

तीन आक्षेप, तीन उत्तरे

पहिला आक्षेप: जात म्हणजे वंश नव्हे. अगदी बरोबर. हे सर्वांत ठामपणे कोणी सांगितले? बाबासाहेबांनी. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' ग्रंथात त्यांनी दाखवले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी वंशभेदाचा सिद्धांत मोजमापांसह फेटाळला. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी 'जात म्हणजेच वंश' असा दावा कधीच करू नये. तो चुकीचा आहे, आणि त्याची गरजही नाही. करारात 'कूळ' हा स्वतंत्र आधार आहे. आपला दावा त्यावर आहे. सरकार म्हणते की आमच्या घटनेच्या अनुच्छेद १६ मध्ये वंश, जात आणि कूळ हे तीन वेगळे शब्द आहेत, म्हणून कूळ म्हणजे जात नव्हे. पण घटनेत जात स्वतंत्रपणे नोंदवली आहे म्हणून तिथे ती वेगळी निघते. करारात जात हा शब्दच नाही. मग जन्मावरून होणारा सर्वांत जुना भेद 'कूळ' या शब्दाबाहेर कसा राहील?

दुसरा आक्षेप: हा अंतर्गत प्रश्न आहे. याला उत्तर भारतानेच १९४६ साली दिले आहे, ३२ मतांनी. आणि करार भारताने कोणाच्या दबावाखाली स्वीकारलेला नाही. नियतकालिक अहवाल देणे हे आपण स्वतः घेतलेले बंधन आहे.

तिसरा आक्षेप: यामुळे देशाची बदनामी होते. बदनामी अत्याचाराने होते. तो सांगणाऱ्याने होत नाही. कॅनडाचे उदाहरण पाहा. सँड्रा लव्हलेस या आदिवासी स्त्रीने बिगरआदिवासी पुरुषाशी लग्न केले म्हणून कायद्याने तिचा आदिवासी दर्जा गेला. घटस्फोटानंतर ती आपल्या लोकांत परतली तर तिला तिथे राहण्याचा हक्क उरला नव्हता. पुरुषाने असे लग्न केले तर त्याचा दर्जा जात नसे. तिने १९७७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी ठरवले. कॅनडा त्यामुळे जगातून उठला नाही. त्याने १९८५ मध्ये कायदा बदलला. एका एकट्या स्त्रीने, नियमांच्या जोरावर, नियमांचा डंका पिटणाऱ्या देशाला वाकवले.

भारतातली कोणी स्त्री हे करू शकते का? नाही. कारण व्यक्तीला थेट तक्रार करता येते ती नागरी व राजकीय हक्कांच्या कराराला जोडलेल्या ऐच्छिक मसुद्यामुळे. भारताने मूळ करार १९७९ मध्ये स्वीकारला, तो मसुदा स्वीकारलेला नाही. वंशभेदविरोधी करारातल्या कलम १४ खालीही व्यक्तीला तक्रार करता येते, पण त्यासाठी देशाने वेगळी घोषणा करावी लागते. भारताने ती केलेली नाही. दार आहे, पण कडी आतून लावलेली आहे.

मग आपण काय करायचे?

मध्यम सत्ता आपल्याला तारतील, अशा भ्रमात राहू नये. २००७ साली आदिवासी जनतेच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी मंजूर झाला तेव्हा विरोधात चारच मते होती: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. मानवी हक्कांवर सर्वांत जास्त बोलणारे देश स्वतःच्या जमिनीचा प्रश्न आला की कसे बदलतात, ते इथे दिसले. पुढे तीन वर्षांत चौघांनीही भूमिका बदलली. कारण तिथल्या आदिवासींनी घरात आणि बाहेर दोन्हीकडे लढा चालू ठेवला.

याउलट शेजारचा नेपाळ पाहा. २००९ मध्ये काम आणि कूळ यांवर आधारित भेदभावाविरुद्धच्या मसुदा तत्त्वांना नेपाळने जिनिव्हात जाहीर पाठिंबा दिला आणि २०११ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध नवा कायदा केला. नेपाळमधले अत्याचार त्यामुळे थांबले, असे नाही. पण आमच्याकडे हा प्रश्न आहे, हे मान्य करायला महासत्ता असावे लागत नाही.

आज भारत सुरक्षा परिषदेत कायम जागा मागतो. २०२३ च्या दिल्लीतल्या जी-२० परिषदेत आफ्रिकन युनियनला सदस्यत्व मिळवून दिल्याचे श्रेय घेतो, आणि ते योग्यच आहे. ग्लोबल साउथचा आवाज म्हणून तो बोलतो. म्हणजे त्याला चांगल्या नावाची गरज आहे. नेमकी हीच जागा आपल्या उपयोगाची आहे. ज्याला नाव हवे असते, त्याला प्रश्न विचारता येतो.

म्हणून काही ठोस कामे. एक, भारताचे अहवाल आणि समित्यांचे निष्कर्ष मराठीत आणा. नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर २०२४ मध्ये भारताची तपासणी झाली, तीही १९९७ नंतर सत्तावीस वर्षांनी. आपल्या किती अभ्यासिकांत त्यावर चर्चा झाली? दोन, ॲट्रॉसिटीच्या प्रत्येक प्रकरणाची तारीख, कलम, एफआयआर, आरोपपत्र, निकाल अशी शिस्तीत नोंद ठेवा. पर्यायी अहवाल घोषणांवर उभा राहत नाही, नोंदींवर राहतो. तीन, कलम १४ ची घोषणा आणि ऐच्छिक मसुद्याची मान्यता ही मागणी आपल्या निवेदनांत आणि जाहीरनाम्यांत घाला. आपल्या मतांवर निवडून येणाऱ्या खासदाराला विचारा की तुम्ही संसदेत हा प्रश्न कधी मांडला. चार, कायदा, राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध हे विषय शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी या क्षेत्रात जावे. समितीत शब्द घासणारी माणसे लागतात. एका शब्दाने काय होऊ शकते, ते १९६५ ने दाखवले आहे.

रस्त्यावरच्या लढ्याला यातले काहीही पर्याय नाही. वर्णद्वेषही न्यूयॉर्कच्या ठरावांनी संपला नाही. तो सोवेटोच्या रस्त्यावर, कामगारांच्या संपात, तुरुंगात संपत गेला. १९४६ च्या ठरावापासून १९९४ च्या मुक्त निवडणुकीपर्यंत ४८ वर्षे लागली. पण त्या ४८ वर्षांत लढणाऱ्यांच्या हातात जगाने मान्य केलेला एक शब्द होता, आणि राज्यकर्त्यांना तो कोणत्याही सभागृहात चुकवता आला नाही.

बाबासाहेबांनी आपला अहवाल देशाला संधी मिळावी म्हणून राखून ठेवला. ती संधी देऊन पाऊण शतक होऊन गेले. तो अहवाल आता आपण लिहायचा आहे, गावागावातल्या नोंदींनी, आपल्या भाषेत आणि जगाच्याही.

जय भीम!